खाडीपलीकडच्या चार मतांचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. जुनी वस्तू आपली कहाणी सांगायला लागली की आधी दोन उसासे टाकते, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. माझा एक पाय मोडला आहे, पाठीच्या फळीला वाळवी लागली आहे, पण माझी रग अजून गेलेली नाही. आणि जी गोष्ट मी सांगणार आहे ती उसासे टाकत सांगण्यासारखी नाहीच.

माझा जन्म पालघरला, भिका सुताराच्या हातून झाला. लाकूड सागाचं, जव्हारकडच्या जंगलातलं. शाळेने चौघांचे दोन बाक सांगितले होते. भिकाने दोन्ही पाच जणांचे केले. न्यायला आलेल्या शिपायाने कुरकुर केली, तेव्हा भिका म्हणाला, "गावची पोरं कदी मोजून बसत्यात का? चौघांचा केला तरी पाच बसनार. मग पाचव्यानं अर्धं खाली लोंबत का शिकायचं?" मी आणि माझा जोडीदार बैलगाडीत चढलो आणि बोईसरहून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका शाळेत दाखल झालो. शाळा कौलारू, सातवीपर्यंतची. पश्चिमेला मासेमारांचं गाव, पूर्वेला भातशेती, आणि उत्तरेला खाडी. खाडीपलीकडे टेकडीच्या पायथ्याशी दोन लहान पाडे.

पहिली काही वर्षं मी वर्गात सगळ्यांत पुढे होतो. मग तारापूरला अणुवीजघराचं काम निघालं, लांबलांबची कुटुंबं राहायला आली आणि त्यांच्या मुलांबरोबर शाळेत नवी, पॉलिशची डेस्कं आली. आमची रवानगी मागच्या भिंतीशी झाली. मला आधी वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मागे बसल्यावर एक गोष्ट कळली. पुढच्याला फक्त फळा दिसतो, मागच्याला सगळा वर्ग दिसतो. शिवाय माझ्यावर बसायला आली ती सगळ्यांत लांबून चालत येणारी मुलं. पायांना चिखल, दप्तराच्या जागी फडक्याची गाठोडी. त्यांच्यात एक भागी होती.

भागी पलीकडच्या पाड्यावरची वारली मुलगी, सातवीत. बाकावर बसणारी मुलं दोन प्रकारची असतात. काही जण, कोणी उठवेल की काय, अशा बेताने बसतात. काही जण जागा आपलीच असल्यासारखी बसतात. भागी पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रकाराने बसली. मला ती तिथेच आवडली. तिच्या पाड्यावरून सातवीच्या परीक्षेला आजवर कोणी बसलेलं नव्हतं. ती बसणार होती.

आता नरहरी गुरुजींबद्दल सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यांनी घातला. ते नागरिकशास्त्र शिकवायचे. राष्ट्रपती, लोकसभा, राज्यसभा हे शब्द मुलं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात, याचा त्यांना भयंकर राग होता. म्हणून त्यांनी शाळेतच राज्य स्थापन केलं. लोकसभा वीस जणांची, मुलांच्या संख्येप्रमाणे निवडलेली. ती पुढच्या डेस्कांवर बसे. राज्यसभा बारा जणांची, शाळेत येणाऱ्या सहा वस्त्यांचे प्रत्येकी दोन सभासद. गाव मोठं असो की अकरा झोपड्यांचा पाडा असो, सभासद दोनच. ही राज्यसभा म्हणजे मी, माझा जोडीदार आणि दोघांच्या मधे टेकवलेली एक घडवंची. दोन्ही सभागृहांनी मिळून राष्ट्रपती निवडायचा.

राज्यघटनेचं पुस्तक मात्र शाळेत एकच. गुरुजींनी त्यावर तोड काढली. प्रत्येक सभासदाला त्यांनी एकेक कलम सोप्या मराठीत लिहून दिलं आणि पाठ करायला लावलं. "पुस्तकाला वाळवी लागेल," ते म्हणायचे, "तुम्हाला लागणार नाही." अशी आमची घटना बत्तीस तोंडांत वाटलेली होती. कोणाला काही अडलं की ज्याचं कलम त्याने उभं राहून म्हणायचं.

मुख्याध्यापक खंडेराव मास्तरांना हा खेळ आधी पसंत नव्हता. पण सव्वीस जानेवारीला पाहुण्यांसमोर त्यांना जोर चढला आणि त्यांनी जाहीर करून टाकलं की मुलांचं राज्य जे कायदे करील ते आपण हजेरीपटापर्यंत पाळू. दिलेला शब्द ते मोडत नसत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

राष्ट्रपती झाली उषा. वीजघरावरच्या एका ओव्हरसियरची मुलगी, मूळ सांगलीकडची. हुशार, टापटिपीची, आणि खोटं न बोलणारी. भागीनेही तिलाच मत दिलं होतं. त्यामुळे उषेला खलनायिका समजून ऐकत असाल तर तसं करू नका. तिने जे केलं ते चांगल्या हेतूने केलं, आणि अशी माणसं थांबवायला जास्त कठीण असतात.

दिवाळीच्या सुट्टीत, दोन्ही सभागृहं बंद असताना, उषेने वटहुकूम काढला. सुंदर अक्षरात लिहून तो दाराशेजारच्या भिंतीवर लावला. "साडेदहाच्या घंटेनंतर दार बंद होईल. मधल्या सुट्टीपर्यंत कोणालाही आत घेतले जाणार नाही. एका आठवड्यात तीनदा उशीर झाल्यास नाव हजेरीपटातून कमी होईल. सही, राष्ट्रपती." जानेवारीत तपासणीला साहेब येणार होते. खंडेराव मास्तरांनी कागद वाचला आणि खूश होऊन दारावर नवी कडी बसवून घेतली.

भागीचं नाव कमी झालं तर तिचा परीक्षेचा अर्ज जाणार नव्हता, आणि अर्ज गेला नाही तर तिचं शिक्षण तिथेच संपणार होतं. पुढच्या वर्षीपर्यंत घरच्यांनी तिला कामाला जुंपलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग वेळेवर यावं. अहो, मधे खाडी होती. पूल नव्हता. ओहोटीला कमरेइतक्या पाण्यातून चालत यायचं, भरतीला काठावर थांबायचं. आणि भरती शाळेचं घड्याळ बघून येत नाही, ती चंद्राप्रमाणे रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. बाकीचे दिवस कसेबसे निभायचे. पण प्रत्येक पंधरवड्यात दशमी, एकादशी आणि द्वादशी हे तीन दिवस असे यायचे की पहाटे अंधारातच वाट बुडायची ती अकरा-बारा वाजल्याशिवाय मोकळी होत नसे. तीन दिवस लागोपाठ उशीर. म्हणजे वटहुकुमाने जणू खाडीपलीकडच्याच मुलांवर नेम धरला होता, आणि तो धरणारीला खाडी माहीत नव्हती.

शाळा उघडली ती नेमकी एकादशीला. त्या आठवड्यात भागीचे दोन उशीर लागले. दोन्ही दिवस ती दाराबाहेर पायरीवर बसून खिडकीतून येणारा गणिताचा तास ऐकत होती. माझी एक जागा रिकामी होती आणि ती मला सारखी टोचत होती.

तिसऱ्या दिवशी वाट उजाडल्यावर बुडणार होती, म्हणून आधीच निघून ती वेळेवर आली. सभा भरताच उभी राहिली.

"गुर्जी, माजं कलम म्हनू का?"

"म्हण."

"दोनी सभागृहं भरलेली नसतील तवा राष्ट्रपतीला वटहुकूम काडता येईल. पन मागून त्यो दोनी सभागृहांफुडं ठेवला पायजे," भागी घडाघडा म्हणाली आणि थांबली. "आमच्याफुडं कुटं ठेवला? भितीवर ठेवलाय."

वर्गात हशा झाला. उषेचे कान लाल झाले. "राष्ट्रपतींनी सही केली की हुकूम झाला," ती म्हणाली.

"सुट्टीपुरता झाला," गुरुजी म्हणाले. "कायम व्हायचा असेल तर दोन्ही सभागृहांनी हो म्हटलं पाहिजे. सभागृहं भरल्यापासून सहा आठवडे तो जगतो. तोवर विचारून घे."

उषेने त्याच दिवशी कागद लोकसभेपुढे ठेवला. तिथे घाई झाली. चौदा विरुद्ध सहा मतांनी मंजूर. पुढच्या डेस्कांवरची बहुतेक मुलं शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहणारी, त्यांना दार बंद होण्याची काय भीती?

राज्यसभेच्या बैठकीचा दिवस राष्ट्रपतीने ठरवायचा होता. उषेने घरी आईला विचारलं. आईने पंचांग पाहून सांगितलं, मार्गशीर्षातली एकादशी, याहून चांगला दिवस कुठला? उषेच्या घरी महत्त्वाचं काम एकादशीला काढायची रीतच होती. तिने फळ्यावर लिहिलं, "राज्यसभा, एकादशी, घंटा होताच."

माझ्यावर बसलेल्या चंद्रकांताने ते वाचलं आणि भागीला कोपराने ढोसलं. चंद्रकांता मासेमारांच्या गावची, तिचे वडील होडीवर जाणारे. भरती-ओहोटी तिला पाढ्यांपेक्षा चांगली पाठ होती. "एकादशीला तुमची वाट बुडलेली," ती कुजबुजली. "चौघंबी पलीकडं अडकनार. मुद्दाम केलंय तिनं."

"मुद्दाम नाय," भागी म्हणाली. "तिला ठावंच नाय."

"मंग सांग तिला."

"बैठक हालवून दिली तर दार हालल का? न्हाय सांगनार. येऊन मत देनार."

मला त्या वेळी वाटलं, पोरगी फार ताठ आहे, सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? आज वाटतं, तिचं बरोबर होतं. बैठकीचा दिवस बदलून मिळाला असता, पण पंधरवड्याचे ते तीन दिवस कोण बदलणार होतं?

मधल्या पंधरवड्यातली दशमी रविवारी आली, म्हणून भागी दोन उशिरांवर सुटली होती. मग मार्गशीर्षातल्या एकादशीचा मंगळवार उजाडला. आदल्या दिवशी दशमीचा एक उशीर भागीच्या नावावर लागलेलाच होता. घंटा झाली, कडी लागली. राज्यसभेचे आठ सभासद हजर, पाड्यांवरचे चार गैरहजर. आठांत पाच हुकुमाच्या बाजूचे, तीन विरुद्ध. खंडेराव मास्तर स्वतः येऊन दारापाशी खुर्ची टाकून बसले. "घ्या मतं," ते म्हणाले.

"मला बोलायचंय," चंद्रकांता उठली.

गुरुजींनी मान हलवली. आणि मित्रांनो, ती जी बोलायला लागली! आधी तिने वटहुकूम पूर्ण वाचला. मग प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. मग खाडी कुठून निघते, कुठे वळते, कुठे चिखलात गुडघा जातो, ते सांगितलं. तिथून ती बोंबलांवर गेली. बोंबील कसे टांगतात, बांबू किती लागतात, तिची आजी कुठल्या वाऱ्याला काय म्हणते. घसा सुकला की पाण्याचा घोट घ्यायची आणि पुन्हा सुरू. पुढची डेस्कं पोट धरून हसत होती.

"याचा हुकुमाशी काय संबंध?" मास्तर कडाडले.

"सायेब, हुकूम येळेचा हाय ना? मी येळच सांगते," ती म्हणाली. "आमच्याकडं येळ अशी सांगतात."

मास्तरांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "किती वेळ बोलावं याचा नियम आपण केलेला नाही. चूक माझीच."

सव्वाअकरा झाले, पावणेबारा झाले. चंद्रकांताने सगळा भार माझ्या पाठीवर टाकला होता, त्यामुळे ती किती दमली ते मला कळत होतं, वर्गाला नाही. बारा वाजून गेले आणि दारावर थाप पडली.

"गुर्जी, आमी आलोय! चौघं आलोय!"

भागीचा आवाज. सगळा वर्ग दाराकडे वळला. खंडेराव मास्तर उठून दारापुढे उभे राहिले. "मधल्या सुट्टीआधी कोणालाही आत घेता येणार नाही. हुकूम आहे. गुरुजी, भाषण संपलं, आता मतं घ्या."

चंद्रकांता रडायच्या बेतात होती. तिने भिंतीवरून उतरवलेला तो कागद पुन्हा एकदा वाचला. मग एकदम मास्तरांना म्हणाली, "सायेब, आत घ्यायची बंदी हाय. भायेर जायाची कुटं हाय?"

"म्हणजे?"

"राज्यसभा म्हंजे हे बाक. आमी बाक घेऊन भायेर जातो."

मास्तरांनी कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली. बाहेर जाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. गुरुजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मास्तरांनी, स्वतःच्या शब्दाला जागणाऱ्या माणसाने, स्वतःच्या हाताने कडी काढली.

मग मला उचललं. आयुष्यात पुष्कळ मुलं माझ्यावर बसली, पण मला उचलून नेलं ते त्या एका दिवशी. विरुद्ध बाजूचे तिघे होतेच, पण बाजूच्या पाचांतलेही दोघे हात लावायला आले, कारण मी जड होतो आणि प्रसंग मजेचा होता. आम्हाला ओसरीवर मांडलं. समोर चौघं उभी होती, छातीपर्यंत भिजलेली, डोक्यावर पुस्तकांची गाठोडी. ओहोटी पुरती लागायच्या आधीच ती पाण्यात उतरली होती. सगळ्यांत लहान देवू कुडकुडत होता. त्याला भागीने पाण्यातून खांद्यावर आणलं होतं, आणि तो ते सगळ्यांना सांगत होता. ती चौघं माझ्यावर बसली. खाऱ्या पाण्याने माझं लाकूड ओलं झालं, आणि मी लाकूड असूनही मला भरून आलं, हे सांगायला मी लाजत नाही.

मतं झाली. बाजूने पाच, विरुद्ध सात. हुकूम नामंजूर.

ओसरीवर एकच आरडाओरडा झाला. खंडेराव मास्तरांनी हात वर केला. "थांबा. नाचू नका. नाही म्हणालं ते एकच सभागृह, आणि सहा आठवडे अजून संपलेले नाहीत. तोवर हुकूम लागू आहे. काल एक उशीर, आज दुसरा. उद्या द्वादशी." मग ते उषेकडे वळले. "आणि तुला दोन्ही सभागृहांची एकत्र बैठक बोलावता येते. बत्तीस जणांत एकोणीस तुझ्या बाजूचे आहेत. तू जिंकशील."

हिशेब बरोबर होता. उषा दाराच्या चौकटीत उभी होती. गुरुजी तिला म्हणाले, "तो तुझा अधिकार आहे. कोणी अडवणार नाही."

भागी उठली. तिच्या कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. "माजं कलम त्या दिशी अर्दं ऱ्हायलं," ती म्हणाली. "शेवटी असं हाय, की राष्ट्रपतीला वटहुकूम कदीबी मागं घेता येतो. घे नाय तर नको घेऊ. मी विनवनी करत नाय. उद्या खाडी अडवनार, मी उशिरानं येनार, आन पटावर नाव नसलं तरी या पायरीवर बसून शिकनार. परवा बी. तुजी सही मोटी का आमची खाडी मोटी, ते बगू."

उषेने विचारलं, "उद्या किती वाजता वाट मोकळी होते?"

"साडेबारा. पाऊन बी होईल."

"आणि तू देवूला रोज खांद्यावर आणतेस?"

"त्यो बुटका हाय," भागी म्हणाली.

उषेने मास्तरांच्या हातातून कागद घेतला. तो फाडला नाही, तसली नाटकं तिला येत नव्हती. माझ्या पाठीवर ठेवून तिने त्यावर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, "मागे घेतला. राष्ट्रपती." मग डोळे पुसत, पण आवाज न डगमगू देता म्हणाली, "मास्तर, मी जिंकले असते. पण ज्यांच्यावर हुकूम काढला त्यांना मी विचारलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, भागी पाऊण वाजता आली. दार उघडं होतं. खंडेराव मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कपाळाला आठ्या घालत हजेरीपटावर "हजर" लिहिलं. ती परीक्षेला पालघरला गेली आणि पास झाली. पाड्यावरची पहिली.

त्यानंतर शाळा वाढली, पक्क्या भिंती आल्या, खाडीवर पूलही झाला. माझा पाय मोडला आणि मी मागच्या पडवीत येऊन पडलो. माझ्यावर रंगाचे डबे ठेवतात. चालायचंच. मला पाय बसवून दिलात तर आनंद आहे, अजून पाच मुलं पेलतील एवढी ताकद माझ्यात आहे. पण मला नुसतं पुसून, हार घालून, कोपऱ्यात मिरवू नका. माझ्यावर बसा.

मित्रांनो, मोठ्या खुर्चीवर तुम्ही कोणालाही बसवा. टाळ्या वाजवा, मान द्या, त्याची सही चालू द्या. पण सगळ्यांत लांबून येणाऱ्यांसाठी मागे एक बाक ठेवा, आणि ते चिखल तुडवत येऊन बसेपर्यंत मतं मोजू नका.